दिल्लीत राहिलेली रंभाबाई

शुभांगीला जुळं होणार असं जर्मनीतल्या डॉक्टरनं सांगितलं, तेव्हा एका आजीनं भागायचं नाही हे दोन्ही घरांना उमगलं. मग शुभांगीची आई, म्हणजे पुण्याजवळच्या भरे गावची रंभाबाई, आणि सासू रजनीबाई अशा दोघी विहिणींनी एकाच विमानानं जायचं ठरलं. २००८ सालचा ऑक्टोबर होता. शिवारात भात पिवळं पडत आलं होतं आणि ते कापायला आपण नसणार, याचंच रंभाबाईला विमानापेक्षा जास्त वाटत होतं.

ती कोळवण खोऱ्यातली. लग्न होऊन भऱ्यात आली ती थेट चिखलात, लावणीलाच. शाळा चौथीपर्यंत. घरच्या दोन म्हशी, भाताची खाचरं, सासू-सासऱ्यांची आजारपणं यात तिची उमर गेली. पुढं रस्त्याकडेची जमीन कारखान्यासाठी गेली, नवरा वाल्मीक यानं आलेल्या पैशात खोल्यांची चाळ बांधली आणि पिरंगुटच्या कारखान्यांतल्या कामगारांना भाड्यानं दिली. रंभाबाईला आता आराम मिळाला, असं गाव म्हणू लागलं. प्रत्यक्षात म्हशी होत्या त्या होत्याच, वर भाडेकरू आले. नळाला पाणी नाही, मावशी. शेजारच्या खोलीत टीव्ही मोठ्यानं लावतात, मावशी. वाल्मीक पंचायतीत नाहीतर पौडला तहसीलदार कचेरीत असायचा, त्यामुळं सगळे तिच्याकडंच यायचे. दिवसा कधी आडवी झालेली तिला कुणी पाहिली नव्हती.

शुभांगी शिकली, हिंजवडीत नोकरीला लागली आणि तिथंच तिला ऋषिकेश भेटला. तो अकोल्याकडचा, वडील नसलेला. त्याची आई रजनीबाई शाळेतून निवृत्त होऊन धाकट्या मुलाकडे, अनिमेषकडे, हिंजवडीतच एका उंच इमारतीत राहायला आलेली. लेकीनं स्वतः जमवलेलं हे लग्न वाल्मीकनं गिळलं, पण त्याच्या बोलण्यातला ताठा गेला नाही. जावयानं दोघींची तिकिटं एकत्र काढतो असं कळवलं, तेव्हा तो साफ नाही म्हणाला. बायकोला परदेशी धाडायची ऐपत आपल्यात आहे, लेकीच्या घरचं नको.

त्यानं पिरंगुटच्या बहिरूला गाठलं. बहिरू दुकानात संगणकावर बसून रेल्वेची, विमानाची तिकिटं काढून द्यायचा. त्यानं रजनीबाईंच्याच विमानात जागा बघितली, पण ती दिल्ली ते जर्मनी एवढीच. पुणे ते दिल्ली त्यानं दुसऱ्या एका कंपनीचं, स्वस्तातलं, वेगळं तिकीट काढलं. येतानाही तसंच. रजनीबाईंचं तिकीट मात्र पुण्यापासून पुण्यापर्यंत सलग एकच होतं. या फरकाकडं कुणी लक्ष दिलं नाही. दिल्लीत मधे भरपूर वेळ आहे, चहा पिऊन निवांत चढायचं, असं बहिरूनं सांगितलं होतं. जाताना तसंच झालं, त्यामुळं येतानाचा विचार करायचं कारण राहिलं नाही.

मुली झाल्या. एकीचं नाव जान्हवी, दुसरीचं जुईली. फ्रँकफर्टजवळच्या त्या लहान घरात दोघी आज्या तीन महिने राहिल्या. रंभाबाई पोरींना न्हाऊ घाले, लेकीला मालिश करी, स्वयंपाक बघे. रजनीबाई दवाखान्याच्या तारखा, कागद, बाजार सांभाळत आणि रंभाबाईनं पोरींना कसं धरावं, किती कपडे घालावेत, तेही सांगत. दोघींत भांडण एकदाही झालं नाही. झालं असतं तर बरं, असं रंभाबाईला कधी कधी वाटे. विहिणीसमोर कंबर धरून हुश्श करता येत नाही, दुसऱ्यांदा भाजी घेता येत नाही, लेकीला रागावता येत नाही. रात्री दोघी एकाच खोलीत उघडून पसरायच्या सोफ्यावर झोपत. रजनीबाई जाग्या आहेत हे रंभाबाईला श्वासावरून कळे. आपण जाग्या आहोत हे त्यांनाही कळत असणार. दोघी डोळे मिटून पडून राहत.

जानेवारीत परतायची वेळ झाली, तेव्हा रंभाबाई आतून पार पिळून निघाली होती. विमानतळावर शुभांगी गळ्यात पडून रडली आणि रंभाबाईला रडू आलं नाही. विमानात बसल्यावर आलं, तर शेजारी रजनीबाई होत्या. तिनं तोंड खिडकीकडं फिरवलं.

सकाळी दिल्लीत उतरायचं होतं. विमान खाली येऊ लागलं आणि पुन्हा वर गेलं. असं बराच वेळ चाललं. खिडकीबाहेर कापूस पिंजल्यासारखं नुसतं पांढरं. दिल्लीवर धुकं पडलंय, उतरता येत नाही, विमान आता मुंबईला नेतायत, असं रजनीबाईंनी ऐकून सांगितलं.

मुंबई म्हटल्यावर रंभाबाईचा चेहरा खुलला.

"मग हितंच उतरू की आपण," ती म्हणाली. "मालक जीप घेऊन येत्याल. दुपारच्याला घरी."

रजनीबाईंनी हवाई सुंदरीला विचारलं. इथं कुणालाच उतरू देणार नव्हते. विमान दिल्लीचं, सामान दिल्लीचं, पासपोर्टवरचा शिक्काही दिल्लीलाच बसायचा. धुकं निवळलं की परत जायचं, तोवर बसून राहायचं.

मुंबईच्या विमानतळावर ते विमान कडेला उभं राहिलं. बाहेर लख्ख ऊन होतं. पिवळी जाकिटं घातलेली माणसं गाड्या फिरवत होती, त्यातला एक जण तंबाखू मळताना दिसत होता. आत हवा कोंदली. एक गृहस्थ उठून कर्मचाऱ्यांवर ओरडला, मग आणखी दोघं ओरडले, मग सगळे थकून गप्प बसले. या डोंगरांपलीकडं आपलं गाव, म्हशींना आता पाणी दाखवायची वेळ, आणि आपण दार बंद करून इथं बसलोय, हे रंभाबाईच्या डोक्यात नीट शिरत नव्हतं. रजनीबाईंचे पाय सुजून चपलांत मावेनासे झाले होते. त्यांनी त्या काढून ठेवल्या आणि रंभाबाईनं न सांगता आपली पिशवी त्यांच्या पायाखाली सरकवली.

दिल्लीला टेकले तेव्हा दुपार कलली होती. पासपोर्टची रांग, सामानाची रांग, मग बाहेर पडून देशातल्या विमानांच्या तळावर जायला बस. तो तळ तिथून चांगला लांब होता. धुक्यात अडकलेली सगळी दिल्ली तिथं लोटली होती. लोक बॅगांवर बसले होते, पोरं फरशीवर झोपली होती.

रजनीबाईंचं पुण्याचं विमानही चुकलं होतं. पण त्यांच्या कंपनीच्या खिडकीवर त्यांनी तिकीट दाखवताच, तिकीट सलग आहे, तुम्हांला पोचवणं आमचं काम, असं म्हणून तिथल्या बाईनं संध्याकाळच्या विमानात जागा दिली. रंभाबाईचं तिकीट बघून तिनं ते परत केलं. आम्ही यांना दिल्लीपर्यंत आणायचं होतं, आणलं. पुढचं त्या दुसऱ्या कंपनीला विचारा.

दुसऱ्या कंपनीच्या खिडकीवर एक कोवळा मुलगा होता. तो उद्धट नव्हता, फक्त दिवसभर हेच बोलून त्याचा घसा बसला होता. पुण्याचं विमान धुकं निवळल्यावर गेलं, त्यात या बाई आल्या नाहीत. आल्या नाहीत म्हणजे तिकीट संपलं. रजनीबाई इंग्रजीत भांडल्या. मागचं विमान उशिरा आलं, यात यांचा काय दोष? तो मुलगा म्हणाला, मागचं विमान आमचं नाही. या त्या विमानानं आल्या की चालत आल्या, आमच्या लेखी काही फरक नाही. नवीन तिकीट घ्यावं लागेल, आणि परवा सकाळपर्यंत एकही जागा रिकामी नाही.

रजनीबाई पुन्हा आपल्या खिडकीवर गेल्या, मग पुन्हा इकडं आल्या. त्यांचा आवाज चिरकू लागला. रंभाबाई दोन खिडक्यांच्या मधे ढकलगाडी धरून उभी होती. कुणाचंच खोटं नव्हतं, आणि ती मात्र कुणाच्याच पदरात नव्हती. तिला राग यायला हवा होता. पण राग आणायलाही अंगात काही लागतं.

रजनीबाईंनी अनिमेषला फोन लावला. त्यानं हिंजवडीत बसून परवाचं तिकीट काढलं आणि फोनवर सांगितलेला तिकिटाचा नंबर रजनीबाईंनी एका कागदावर लिहून रंभाबाईच्या हातात दिला. वाल्मीकला हे आवडणार नाही, हे तिला कळत होतं. तरी तिनं कागद पिशवीत ठेवला.

"मी थांबते तुमच्याबरोबर," रजनीबाई म्हणाल्या. "एकट्या कशा राहाल, रंभाताई?"

त्या खरंच म्हणत होत्या. पण विमानात चढायचा पास त्यांनी छातीशी गच्च धरला होता, आणि बोलता बोलता डोळ्यांतून पाणी येत होतं ते त्यांना कळतही नव्हतं. साठी उलटलेली बाई, दोन दिवस झोप नाही, पाय भोपळ्यासारखे झालेले.

"बाई, तुमी जा," रंभाबाई म्हणाली.

"अहो, पण—"

"दोघींनी हितं बसून काय व्हनार हाय? जा तुमी. मी ऱ्हाते."

रजनीबाईंनी आपली शाल काढून तिला दिली, पाण्याची बाटली दिली, बिस्किटं दिली. नंबर नीट ठेवा असं चार वेळा सांगितलं. मग त्या दारातून आत गेल्या. रंभाबाई बघत राहिली. दारापलीकडं बराच लांबपर्यंत त्यांची पाठ दिसत होती. त्या एकदाही मागं वळल्या नाहीत. रंभाबाईला एकदम एकटं वाटलं, आणि त्याच्याच मागोमाग, तिला स्वतःलाच लाज वाटावी असं, खूप मोकळं वाटलं.

परवाच्या तिकिटावर आज आत सोडत नाहीत, हे दारावरच्या बंदूकवाल्या शिपायानं सांगितलं, तेव्हा ती निमूट मागं फिरली. बाहेर लोकांना थांबायला एक मोठी खोली होती, तिथं तिनं भिंतीकडेची खुर्ची धरली. बाहेरच्या पीसीओवरून तिनं घरी फोन लावला. बोलणं थोडकंच झालं. मी बरी हाय, परवा येतीय, तिकीट अनिमेषनं काढलंय. वाल्मीकनं विचारलं, "इहिनबाई कुटं हायेत?"

"गेल्या त्या. त्यांना जागा मिळाली."

पलीकडून त्यानं फोन ठेवून दिला. त्याचा अर्थ तिला लागला नाही. लावून घ्यायची ताकद नव्हती.

पिशवीचा पट्टा तिनं पायाला गुंडाळला, लेकीनं दिलेलं जाड जाकीट नऊवारीवर चढवलं, वरून विहिणीची शाल घेतली आणि डोळे मिटले. ती झोपली. खोलीत दिवे लख्ख, घोषणा चाललेल्या, पोरं रडतायत, आणि रंभाबाई तोंड उघडं टाकून झोपली. मधे उठून ढकलगाडीसकट मोरीकडं गेली, चहा प्यायली, पुन्हा झोपली. सकाळ झाली तर काचेबाहेर पुन्हा तेच पांढरं. आज म्हशी नाहीत, पोरींची आंघोळ नाही, कुणाचा डबा नाही, कुणाचा नळ नाही. सकाळी उठून काय करायचं, हे तिला आयुष्यात पहिल्यांदा माहीत नव्हतं. ती पाय लांब करून बसून राहिली.

दुपारी शेजारच्या एका बाईनं आपलं तान्हं तिच्यापुढं केलं. जरा पकडा, मी जेवण आणते, असं ती हिंदीत म्हणाली. रंभाबाईचे हात सवयीनं पुढं झाले. मग तिनं ते मागं घेतले.

"मेरेको नहीं जमेगा," ती म्हणाली.

बाई चकित झाली आणि मूल घेऊन दुसरीकडं गेली. रंभाबाईही चकित झाली होती. लहान मुलाला नाही म्हटलं, म्हणून तिला जरा वेळ टोचत राहिलं. मग पुन्हा डोळा लागला.

तिसऱ्या दिवशी ती पुण्याला उतरली. वाल्मीक जीप घेऊन आला होता. सामान टाकलं, गाडी निघाली. चांदणी चौक मागं पडला. मग त्यानं तोंड उघडलं. अडाणी बाईला परक्या मुलखात टाकून आली ती, मास्तरीन म्हणवती. त्यांच्याच पैशाचं तिकीट घ्यायची पाळी आनली वर. रंभाबाईनं सांगितलं, मीच जा म्हणाले. त्यानं ऐकलंच नाही. तू म्हणशीलच, असं म्हणाला.

दोन दिवसांत गोष्ट कुठल्या कुठं गेली. वाल्मीकनं लेकीला फोनवर सुनावलं, लेकीनं नवऱ्याला, नवऱ्यानं आईला विचारलं. शुभांगी फोनवर रडायला लागली, तर मागून दोन्ही पोरींचं रडणं. वाल्मीक म्हणाला, मे महिन्यात पोरींचं जावळ भऱ्यातच होईल आणि त्या बाईला बोलावणं जाणार नाही. रजनीबाईंचा फोन काही आला नाही.

आठवडाभर रंभाबाईनं वाट पाहिली. मग एका सकाळी म्हशींचं उरकून, कुणाला न सांगता, तिनं सहा आसनी रिक्षा धरली. घोटवडे, माण करत ती हिंजवडीला पोचली, कंपन्यांच्या गाड्यांच्या गर्दीतून विचारत विचारत अनिमेषच्या इमारतीपाशी आली. लिफ्टची भीती वाटली म्हणून जिना चढली आणि दारात पोचेपर्यंत तिला धाप लागली.

दार रजनीबाईंनीच उघडलं. त्या वाळल्या होत्या. रंभाबाईला बघून त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. आत घेतलं, पाणी दिलं आणि समोर बसल्या, शाळेत चूक केलेल्या मुलीसारख्या.

"मी मुद्दाम वळून पाहिलं नाही," त्या आपणहून म्हणाल्या. "पाहिलं असतं तर परत यावं लागलं असतं. मला परत यायचं नव्हतं, रंभाताई. मला फक्त घरी जायचं होतं."

"मला ठावं हाय."

"तेव्हापासून धड झोप नाही मला."

रंभाबाईनं पदरानं मान पुसली. काय बोलायचं ते तिनं रिक्षात ठरवलं होतं, पण ते सगळं विसरून गेलं. मनात होतं तेच बाहेर आलं.

"बाई, तुमी थांबला असता तर मला तुमाला सांभाळावं लागलं असतं. तुमचं पाय, तुमचं रडनं. मला सांभाळायचं नव्हतं कुनाला. मी बी देवाला म्हनत व्हते, वळू नका म्हनून."

रजनीबाईंना ते लागलं.

"जर्मनीतही सांभाळत होता का मला?"

"व्हय. थोडं."

"मीही तुम्हांला," रजनीबाई म्हणाल्या. "तुम्ही रात्री जाग्या असायच्या. मला कळायचं. पण विचारलं, तर तुम्ही उठून काहीतरी कामाला लागाल, म्हणून विचारायचे नाही."

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, रजनीबाई उठल्या, आणि रंभाबाई सवयीनं उठू लागली तर त्यांनी तिला हातानंच बसवलं. ती बसली. जेवण झालं. जेवताना दोघी फारसं बोलल्या नाहीत, पण रंभाबाईनं भाजी दोनदा घेतली.

दुपारी रजनीबाईंनी जर्मनीला फोन लावला. रंभाबाईनं लेकीला सांगितलं, मी तुझ्या सासूच्या घरात बसलीय, जेवलीय, आता तुमी दोघं माझ्यावरनं भांडू नका. शुभांगी मग पोरींच्या पोटदुखीबद्दल विचारू लागली. ओव्याचा शेक कसा द्यायचा ते रंभाबाईनं सांगितलं, आणि पोरींना जाड कपडे घाल हे रजनीबाईंनी फोन ओढून घेऊन सांगितलं. तिकडचं भांडण तिथंच निवलं.

वाल्मीकचं तसं झालं नाही. तिकिटाचे पैसे त्यानं बहिरूच्या हाती अनिमेषला पाठवून दिले आणि बहिरूशीही बोलणं टाकलं. बायको विहिणीकडं जाऊन आल्याचं त्याला गावातून कळलं, तेव्हा दोन दिवस तो तिच्याशी धड बोलला नाही. मे महिन्यात जावळाला रजनीबाई आल्या, कारण रंभाबाईनं स्वतः फोन करून बोलावलं होतं. वाल्मीकनं त्यांना पाणी विचारलं, पंगतीत पानही वाढायला लावलं, पण तोंड वळवूनच. ती अढी पुढंही पुरती गेली नाही.

रंभाबाईनं एकदा त्याला सांगून पाहिलं. पाहुणे पांगले होते, अंगणातली मोठी पातेली घासून पालथी घातलेली, आणि दोघं ओट्यावर बसले होते.

"दिल्लीत मला लई झोप लागली व्हती," ती म्हणाली. "एवढी झोप मला कवाच लागली न्हाई."

वाल्मीकनं तिच्याकडं काळजीनं पाहिलं.

"अशक्तपना आला आसंल," तो म्हणाला. "पौडच्या डॉक्टरकडून रक्त तपासून घे."

ती हो म्हणाली. तेवढ्यात चाळीतून कुणीतरी मावशी म्हणून हाक मारली. मोटर चालू होत नव्हती. रंभाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली आणि बघायला गेली.